खाली न बघता लिहिणारी अक्का

अक्का,

परवा विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. एक गृहस्थ बोलायला उठले आणि म्हणाले, "ताई स्वभावानं अतिशय शांत आणि मितभाषी होत्या." मी पुढच्या रांगेत आपल्या वडिलांच्या शेजारी बसलो होतो. नानांना ऐकू येत नाही हे त्या गृहस्थांना ठाऊक नसावं, कारण ते सगळं भाषण नानांकडे बघूनच करत होते. नानांनी मला कोपरानं ढोसलं. "काय म्हणतोय त्यो?"

मी खिशातून माझा टचस्क्रीन काढला आणि काचेवर बोट दाबत दाबत लिहिलं, 'अक्का शांत होती म्हणतायत.' लिहिताना चुकलो, खोडलं, परत लिहिलं. तोवर ते गृहस्थ बसले होते, दुसरे उठले होते, आणि हे दुसरे डोळे पुसत होते. नेमकं तेव्हाच नानांनी वाचलं आणि ते हसले. कसले हसले अक्का! "शांत? आमची अक्का?" आपला आवाज केवढा निघतो याचा त्यांना आता अंदाज राहिलेला नाही. आधी सगळा विहार दचकला. मग गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, आणि ज्यांचं भाषण चाललं होतं तेसुद्धा हसले. तू गेल्यापासून मी पहिल्यांदा हसलो. आणि हसता हसता जे रडू आलं ते आवरेना.

तू असतीस तर त्या गृहस्थांचं वाक्य संपायच्या आत तुझ्या मेसेजनं नानांच्या हातातला फोन थरथरला असता, आणि ते योग्य जागी हसले असते. एवढं मी मान्य करतो. पण एवढंच. तू मधूनच उठून गेलीस म्हणून बटणं की काच हे आपलं भांडण तू जिंकलीस, असं काही समजू नकोस.

कारण भांडण साधं नव्हतं. त्यानं माझा धंदा बुडायची वेळ आणली होती. राजारामपुरीतल्या माझ्या मोबाइलच्या दुकानात तू शनिवारी संध्याकाळी यायचीस, गिऱ्हाइकासाठी ठेवलेल्या खुर्चीत ऐसपैस बसायचीस, माझ्या खर्चानं चहा मागवायचीस आणि माझं गिऱ्हाईक पळवायचीस. तो शिरोळचा ऊसवाला आठवतो? मोठ्या हौसेनं टचस्क्रीन घ्यायला आला होता. मी त्याला काचेवरची अक्षरं कशी उमटतात, फोटो बोटानं कसा मोठा होतो, सगळं दाखवून झालं होतं. माणूस खूश होता. आणि तू मागून म्हणालीस, "पावणं, जरा डोळं मिटा."

बिचाऱ्यानं मिटले.

"आता ह्याच्यावर 'आई' लिवून दावा."

त्यानं काहीतरी दाबलं. डोळे उघडून बघतो तर काचेवर भलतंच काहीतरी. मग तू आपल्या पिशवीतून तुझा फोन काढलास, तो रुंद, काळा, खाली बटणांची अख्खी फौज असलेला, आणि छताकडे बघत दोन्ही अंगठ्यांनी टकाटका लिहून त्याच्यापुढे धरलास. 'आईला सांगा जेवायला उशीर होईल.' इंग्रजी अक्षरांत, पण चूक एक नाही. शिरोळकर बटणांचा फोन घेऊन गेला. जाताना तुला नमस्कार करून गेला, मला नाही.

"अक्का, माझं गिऱ्हाईक हाय ते," मी म्हणालो.

"व्हय की. आणि त्याचं बोट त्याचं हाय. बोटाला कळायला पायजे आपण कुठं बसलोय ते. काच काय सांगती बोटाला?"

मी म्हणालो, काचेला काही सांगावं लागत नाही, ज्याला डोळे आहेत त्याला दिसतं. तू म्हणालीस, "मग डोळं कशाला अडकवायचं तिथं? डोळ्याला दुसरी कामं न्हाईत व्हय?" यावरचं उत्तर मला आता सुचलंय, पण ते राहू दे.

हे बोटांचं वेड तुला मुळातच. नव्वदच्या दशकात राजारामपुरीत जिन्यावरून वर गेलं की तुझ्या टायपिंगच्या संस्थेचा कडकडाट ऐकू यायचा. नोकरीच्या जाहिरातीत टायपिंगचं सर्टिफिकेट मागायचे तो काळ. शिरोळ, गगनबावडा, कुठून कुठून पोरं-पोरी यायची. तू प्रत्येक यंत्रावर जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची खोळ घातली होतीस, बोटं आत जातील पण बटणं दिसणार नाहीत अशी. कुणी मान वाकडी करून आत डोकावलं की तुझी पट्टी टेबलावर आपटायची. "खाली बघायचं न्हाय!" दहावीनंतर नानांनी मलाही तुझ्या हवाली केलं होतं. संस्थेत मी भाऊ नव्हतो, उलट जरा जास्तच ओरडा खाणारा विद्यार्थी होतो. तू स्वतः खिडकीतून रस्त्याकडे बघत टाइप करायचीस आणि बोटं न थांबवता मला सांगायचीस, "तुझा दोस्त चाललाय बघ सायकलीवरनं, चप्पल तुटलीय त्याची." कागद काढून बघावा तर पानभर मजकूर, एकही अक्षर इकडचं तिकडं नाही. मला राग यायचा. माझ्या बोटांना ते कधी जमलं नाही, आणि मी परीक्षेलाही बसलो नाही. त्याचं मला काही दुःख नाही. मी फोन विकायला लागलो आणि बरा विकतो.

तू नव्याच्या विरुद्ध होतीस असं कुणी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन. कॉम्प्युटर आले, संस्थेतली यंत्रं भंगारात गेली, तेव्हा तुझ्याएवढ्या वयाच्या कितीतरी टायपिस्ट बाया घरी बसल्या. तू महिन्याभरात कॉम्प्युटर शिकलीस आणि क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका टाइप करायला लागलीस. गल्लीत पहिला ई-मेल तू पाठवलास. मोबाइलही माझ्याआधी तू घेतलास. फक्त बटण पाहिजे, एवढाच तुझा हट्ट. कोल्हापूरच्या बायकांच्या बोलण्याप्रमाणे तू म्हणायचीस, "मी काय बी शिकतो. पण बोटाखाली काय तरी लागाय पायजे मला."

आणि नानांचं ते सगळं झालं नसतं तर मीही हा तुझा एक चाळा म्हणून सोडून दिला असता.

नाना जन्मभर फौंड्रीत. घण आणि यंत्रांच्या आवाजात त्यांचे कान हळूहळू गेले, आणि रिटायर होईपर्यंत पुरते गेले. पण त्यांची तक्रार नव्हती, कारण फुटबॉल डोळ्यांनी बघतात. तरुणपणी ते आपल्या तालमीच्या संघाचे गोलकीपर. कोल्हापुरात कुस्तीच्या तालमींचेच फुटबॉल संघ, आणि ज्याच्या त्याच्या तालमीचा संघ म्हणजे ज्याच्या त्याच्या घरातलं माणूस, हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. नानांनी आपल्याला दोघांनाही स्टेडियममध्ये खांद्यावर बसवून मॅच दाखवल्या. तू मुलगी म्हणून घरी राहा, असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. उलट मी रडायचो, उन्हाचा कंटाळा करायचो, आणि तू पार शेवटपर्यंत ओरडत असायचीस.

मग ते न्हाणीत पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, पण स्टेडियमच्या पायऱ्या बंद झाल्या. मॅच घरात दिसायची सोय नव्हती. केबलवाला दुसऱ्या दिवशी कधीतरी रेकॉर्डिंग दाखवायचा, तेव्हा निकाल गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा माहीत झालेला असायचा. मॅचच्या दिवशी नाना कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडायचे. संध्याकाळी कुणीतरी दारातून बोटं दाखवायचं, दोन आणि एक. नाना मान हलवायचे. गोल कसा झाला, कुणी दिला, कुणी चुकवला, हे बोटांनी कोण सांगणार? त्यांचं बोलणं कमी झालं. जेवण कमी झालं. तू एकदा भाकरी थापताना मला म्हणालीस, "संज्या, हे मानूस आतल्या आत मिटाय लागलंय." मला तुझा तेव्हाचा आवाज अजून ऐकू येतो.

आणि पुढच्या मॅचला तू एक साधा फोन नानांच्या हातात देऊन गेलीस. नाना शाळा फार शिकले नव्हते, पण फौंड्रीतल्या ड्रॉइंगवरची इंग्रजी अक्षरं वाचून वाचून त्यांना ती ओळखीची झाली होती. तू स्टेडियमवर बसून लिहीत राहिलीस, आणि इकडे फोन नानांच्या तळहातात थरथरत राहिला. 'सुरू. पहिली किक आपली.' 'कॉर्नर. डावीकडनं. हेडर. बाहेर. बोंबला.' 'रेफ्री आंधळा.' त्या दिवशी मी दुकानातून घरी आलो तर नाना कॉटवर दाराकडे तोंड करून बसलेले. तू चप्पल काढायच्या आत ते तुझ्यावर ओरडले, "ऑफसाइड न्हवता त्यो!" तू म्हणालीस, होता. त्यांना ते ऐकू आलं नाही, तरी कळलं. चूल थंड, आणि तुम्ही दोघं ताटं, वाट्या, लिंबं मांडून तो गोल पुन्हा खेळत होता. मी बाहेर जाऊन वडे आणले. एवढं चांगलं जेवण आपल्या घरात बरेच दिवस झालं नव्हतं.

तुझ्या शेजारी बसून तुझं ते लिहिणं मी नंतर बघितलं. फोन मांडीवर, त्यावर ओढणी, ऊन लागू नये म्हणून. दोन्ही अंगठे ओढणीखाली. डोळे बॉलवर. तोंडानं शिव्या. पाठवायचं बटणही न बघता. मॅच संपल्यावर तुला विचारलं की किती लिहिलंस, तर तुलाच माहीत नसायचं.

मग गेल्या मे महिन्यातली ती फायनल. आपल्या तालमीचा संघ किती वर्षांनी फायनलला, ते नानांना बरोबर सांगता येतं, मला नाही. समोर पलीकडच्या पेठेचा संघ, म्हणजे आगच. आणि नेमका त्याच आठवड्यात मी माझा नवा टचस्क्रीन घेतला होता. तू चिडवलंस, मी चिडलो. मी म्हणालो, "पहिला हाफ मी लिहितो. नानांना विचार मग काय फरक पडला." तू हसलीस आणि म्हणालीस, "लिव की मर्दा. मी बी कधी निवांत मॅच बघू?"

आता काय घडलं ते तुझ्या तोंडून गल्लीनं शंभरदा ऐकलंय. माझ्या बाजूनं फक्त एवढंच सांगतो की ऊन समोरून होतं. मे महिन्याचं, चारचं, स्टेडियमच्या काँक्रीटवर तापलेलं ऊन. काचेत मला माझंच तोंड दिसत होतं, अक्षरं नाहीत. बोट घामानं ओलं, ते एका अक्षरावर ठेवलं की शेजारचं उमटायचं. मी शर्टाच्या आत डोकं घालून एक शब्द लिहीत होतो आणि त्याच वेळी सगळं स्टेडियम उभं राहिलं. मी डोकं बाहेर काढलं. समोरची बाजू नाचत होती. गोल झाला होता, आपल्यावर. मी लिहिलं, 'गोल झाला.' आणि तुला विचारलं, कुणी मारला? कसा? तू माझ्याकडे फक्त बघितलंस, आणि ते मला शिव्यांपेक्षा लागलं.

नाना उत्तर क्वचित पाठवायचे, कारण त्यांचं एक बोट अख्ख्या मॅचभर एक शब्द शोधायचं. पण त्या दिवशी त्यांचं उत्तर आलं. दोनच शब्द. 'अक्काला दे.'

तू ओढणी मांडीवर घेतलीस, फोन आत घातलास, आणि मला म्हणालीस, "तू घरी जा. नानाजवळ बस. चवताळलेत ते, एकटं नगं ठेवाय." मी हाफटाइमला गाडी काढली आणि घरी आलो. दुसऱ्या हाफची तुझी गोष्ट सगळ्या पेठेला पाठ आहे. माझी शेवटपर्यंत कुणाला माहीत नाही. तुलाही नाही.

ती सांगायच्या आधी मला जरा थांबू दे.

दवाखान्यात होतीस तेव्हाही तू नानांना रोज लिहायचीस. त्यांना तिथं आणायचं नाही, अशी तुझी ताकीद होती. 'बरी हाय. इडली खाल्ली.' 'शेजारची म्हातारी लई घोरती.' मी तुझ्या उशाशी बसलेला असायचो, मला ठाऊक होतं की इडली तशीच होती. नंतर नंतर मेसेज आखूड झाले. 'बरी हाय.' मग नुसतंच 'हाय.' एका सकाळी नानांनी मला फोन दाखवून विचारलं, "अक्का खोटं लिवती न्हवं?" मी मान खाली घातली. ते म्हणाले, "तिच्या हातात जोर ऱ्हायला न्हाई. आदी रेफ्रीला शिवी घातल्याबिगर मेसेज यायचा न्हाई." आणि त्यांनी फोन छातीवर ठेवून डोळे मिटले.

त्याच दिवशी मी माझा टचस्क्रीन तुझ्या हातात दिला. तुझ्या फोनची बटणं दाबायला अंगठ्याला जोर लागत होता, आणि काचेला फक्त टेकवावं लागतं. सलाइनच्या हातानं तू तो धरलास, एक अक्षर टेकवलंस, दुसरं टेकवलंस, आणि म्हणालीस, "बरा हाय."

अक्का, ते तू कशाला म्हणालीस? फोनला म्हणालीस, की मला बरं वाटावं म्हणून? इतकी वर्षं भांडून तुझ्याकडून जे ऐकायचं होतं ते मिळालं, आणि मला ते नको होतं. मला तू पट्टी आपटायला हवी होतीस. काचेला नावं ठेवायला हवी होतीस. मी पॅसेजमध्ये जाऊन उभा राहिलो. तिथं नळाशी एक बाई डबा धूत होती, तिनं मला विचारलं, "काय हो, बरं हाय न्हवं तुमचं मानूस?" मी म्हणालो, बरं आहे.

असो. आता फायनल.

मी गल्लीत शिरलो तर सगळी गल्ली बाहेर. ज्यांना स्टेडियममध्ये शिरायला मिळालं नाही ती पोरं, म्हातारी माणसं, बायका. ज्याच्या त्याच्या कानाला मोबाइल. प्रत्येकाचं कुणी ना कुणी स्टेडियमवर होतं, आणि प्रत्येक जण ओरडत होता, "हॅलो! काय झालं? अरे काय झालं?" पलीकडून नुसती गर्जना. शिट्ट्या, हलगी, पब्लिक. ज्याला कान आहेत त्याला काही म्हणजे काही कळत नव्हतं. आणि आपल्या दारात, वॉकर बाजूला ठेवून, नाना खुर्चीवर बसलेले. हातातला फोन थरथरला. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं, आणि नेहमीप्रमाणे स्वतःशी बोलले. फक्त त्यांचं स्वतःशी बोलणं चौकापर्यंत जातं.

"फ्री किक! आपली!"

सगळी गल्ली वळली. एकेकानं कानाचा फोन काढला. कुणीतरी म्हणालं, "नाना, परत सांगा की!" नानांना ते ऐकू गेलं नाही, पण सगळी आपल्या तोंडाकडे बघतायत हे दिसलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खूण केली, वाचा, मोठ्यानं वाचा. अक्का, नाना खुर्चीत ताठ झाले. फौंड्रीतल्या फोरमननं हाळी द्यावी तसा आवाज त्यांनी काढला.

"फ्री किक! आठ नंबर मारतोय! भिंतीला लागली! परत आली! आऽऽत! गोऽऽल!"

गल्ली फुटली. बायका एकमेकींना मिठ्या मारत होत्या. आणि नाना हात वर करून सगळ्यांना गप्प करत होते, कारण पुढचा मेसेज आला होता. तू फक्त नानांसाठी म्हणून जे लिहीत होतीस तेही ते वाचत सुटले होते. त्यांना काय वाचायचं आणि काय गिळायचं हे कुठं माहीत! "थ्रो त्यांचा! अध्यक्ष खुर्चीत झोपलाय, तोंड उघडं हाय!" आपल्या तालमीच्या अध्यक्षांच्या पत्नी तिथंच, पुढच्या पायरीवर. एक क्षण कुणाला कळेना हसावं की नाही. मग त्याच म्हणाल्या, "घरात बी असंच झोपतोय, वाचा नाना पुढचं!" अक्का, मी पोट धरून हसलो. माझ्या पहिल्या हाफचा राग, तुझा राग, सगळा कुठल्या कुठं गेला.

मॅच बरोबरीत सुटली. टायब्रेकर. आता पलीकडच्या गल्लीतली माणसं येऊन उभी होती. नाना प्रत्येक किक वाचत होते. "आपली. आत." "त्यांची. आत." "आपली. आत." मध्येच त्यांची एक बारवरनं गेली, मध्येच आपली एक पोस्टला लागली. नाना गोलकीपर माणूस, खुर्चीत बसल्या बसल्या डावीकडे झुकत होते, उजवीकडे झुकत होते. मी त्यांच्या खांद्याला धरलं नसतं तर पडले असते. मग त्यांनी वाचलं, "आता त्यांची शेवटची. घातली तर परत चालू. अडवली तर कप आपला."

आणि स्टेडियमकडून गर्जना आली. एवढी मोठी की पत्रे थरथरले. सगळ्या गल्लीनं ती ऐकली. पण कुणाची? आपली की त्यांची? गर्जनेला काय ओळख असते का? ओरडणारं अर्धं स्टेडियम त्यांचं होतं. बायकांनी हात जोडले. पोरं रडायच्या बेतात. आणि ती सगळी माणसं, ज्यांना गर्जना ऐकू आली होती ती सगळी, नानांकडे बघायला लागली. ज्याला ती ऐकू आली नव्हती अशा एकट्या माणसाकडे.

नाना फोनकडे बघत शांत बसले होते. त्यांना ठाऊकच नव्हतं की काहीतरी होऊन गेलंय.

फोन थरथरला. त्यांचे ओठ हलले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. परत वाचलं. मग त्यांनी वॉकरला हात न लावता खुर्चीचे दांडे धरले आणि ते उभे राहिले. अक्का, नाना उभे राहिले.

"आडीवलाऽऽ! डावीकडं उडी टाकून आडीवला पोरानं! कप आपला!"

त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. हलगी कुठून आली, गुलाल कुठून आला, कुणी कुणाच्या तोंडात साखर कोंबली. तालमीच्या पोरांनी नानांना खुर्चीसकट उचललं आणि चौकापर्यंत मिरवलं. स्टेडियमवरून पहिली गाडी कप घेऊन आली तेव्हा आपल्या गल्लीची मिरवणूक निम्मी होऊनही गेली होती. तू आलीस, गुलालानं माखलेली, घसा बसलेला. तुला सगळ्यांनी सांगितलं की नानांनी मॅच वाचून दाखवली. तू मला म्हणालीस, "कळलं का रं काचवाल्या?" मी म्हणालो, ऊन समोरनं होतं.

पण त्याच्या आधी, तू यायच्या आधी, पोरांनी नानांना परत आणून सोडलं आणि मी त्यांना आत कॉटवर बसवलं. पाणी दिलं. बाहेर हलगी चालूच होती. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि माझं मनगट धरलं. आणि अक्का, ज्या माणसाला आपला आवाज आवरता येत नाही, तो माणूस तेव्हा हळू बोलला.

"संज्या, कान गेल्यापास्नं मी मॅच बघितली, पर पब्लिकचा आवाज न्हाई आला मला. आज आला. त्ये प्वार लिवत हुतं आन् मला समदं ऐकू येत हुतं. शिट्टी बी. हलगी बी." मग डोळे पुसले आणि लगेच बोट उगारलं. "तिला सांगू नगंस हां. डोस्क्यावर बसंल."

मी शब्द पाळला. त्यात माझा स्वार्थही होता. हे तुला कळलं असतं तर माझ्या दुकानात टचस्क्रीन ठेवायची तू सोय ठेवली नसतीस. आत्ता आत्तापर्यंत वाटत होतं, सांगू कधीतरी, पुढच्या फायनलला सांगू, घाई काय आहे.

काल संध्याकाळी नाना दारात बसले होते. मी शेजारी टेकलो आणि त्यांना लिहून विचारलं, 'फायनलच्या दिवशी तुम्ही मला जे बोलला होता, ते अक्काला सांगू का?' लिहायला वेळ लागला, तो मी लागू दिला. त्यांनी वाचलं. मग त्यांच्या त्या चौकापर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाले, "सांग की. बसू दे तिला डोस्क्यावर."

समोरच्या घरातल्या बाई दार उघडून बघायला लागल्या. मी हात जोडून हसलो.

तर सांगितलं, अक्का. नानांना ऐकू आलं होतं. तुझ्यामुळं आलं होतं. बस आता डोक्यावर, दोघांच्याही.

तुझा,
संज्या